एकशे साठ फिती

सोलापूरकडं डोंगर कुठला, म्हणून हसू नका.
बार्शीच्या वर, बालाघाट जिथं
दमून गुडघे टेकतो,
तिथं आहेत आमचे डोंगर.
बुटके, मुरमाड, खरवडलेल्या तव्यासारखे.
पण चढाला लागलं की
छातीतला भाता कुणाचं ऐकत नाही.

शर्यत सुटली साडेपाचला, डोक्यावर दिवे बांधून.
तीनशे जण. पुण्याचे, लातूरचे, दोघे थेट हुबळीचे.
दिव्यांची माळ वळत वळत टेकाडापलीकडं गेली
आणि अंधारात उरलो मी,
हातात रिकामं पोतं.

माझं काम सगळ्यांच्या मागं चालायचं,
झुडपांना बांधलेल्या फिती सोडत यायचं.
फिती म्हणजे टॉवेलच्या कडा,
आमच्याच कारखान्यात कापून पडलेल्या,
केशरी, दोरे लोंबणाऱ्या.
एकशे साठ बांधल्यात, मालक म्हणाले,
एकशे साठ परत पाहिजेत.
चौतीस वर्षं मागाशेजारी काढलेला माणूस मी.
कान गेले, मोजणी राहिली.

ऑक्टोबरचं ऊन नऊलाच अंगावर येतं.
तरवड पिवळा. गवत वाळून पांढरं.
खाली काळ्या रानात ज्वारी बोटभर वर आलेली.
कुसळ मोज्यात शिरतं
आणि बिऱ्हाड करतं.

त्र्याण्णवाव्या फितीला ती दिसली.
दगडावर बसलेली, एक बूट हातात.
छातीवर नंबर दोनशे अठ्ठ्याऐंशी.
सुगलाबाई बिराजदार, वळसंगची,
शाळेत खिचडी शिजवणारी,
पोराचे बूट घालून आलेली.
"एक नंबर मोठे हैत ओ.
चढाला काय वाटत नाही.
उताराला बोटं पुढं जाऊन आदळतात."
अंगठ्याचं नख करवंदासारखं काळं.

मी म्हटलं, गाडी बोलावू का?
करपलेल्या पातेल्याकडं बघावं
तसं तिनं माझ्याकडं बघितलं.
काहीतरी बोललीही.
मला ऐकू आलं नाही, पण कळलं.

मग मी पोत्यात हात घातला.
चार फिती या बुटात, चार त्या.
आणखी एक. टाचेला आणखी दोन.
ती उभी राहिली, दोनदा पाय आपटला.
"बसला की."

ती पुढं, मी मागं.
प्रत्येक फितीपाशी ती जरा थबकायची,
पत्ता विचारल्यासारखी.
ती फीत मी सोडली की
मागं आमची वाट उरायची नाही,
शेळ्यांची उरायची.
पाण्याचं टेबल कधीच उचललेलं.
वाटेवर पडलेली जेलची चिकट पाकिटं
मी वेगळ्या पिशवीत भरत होतो,
आणि तिच्या कमरेच्या पिशवीतून निघाला
कडक भाकरीचा चुरा, शेंगाचटणी.
अर्धा माझ्या तळहातावर ठेवला, न विचारता.

शेवटच्या उतारावर ती पळाली.
खरंच पळाली.
कोपरं बाहेर काढून,
गरम पातेलं उचलून नेताना
बाई जशी जाते, घाईत पण न सांडता.
पायाखालचा मुरूम घरंगळत तिच्या पुढं.
मी तीन फिती विसरलो,
परत वर जाऊन आणल्या.

शर्यत अकराला बंद झालेली.
आम्ही पोचलो पाऊण वाजता.
कमानीतली हवा सोडून दिलेली,
ती म्हशीसारखी मुरमावर लोळत होती.
पोरं टेम्पोत खुर्च्या भरत होती.
सुगलाबाईनं त्या पडलेल्या कमानीवरून
उंबरा ओलांडतात तसा पाय टाकला,
आधी उजवा.
मग टेम्पोतली एक खुर्ची खाली ओढली
आणि बसली.

संध्याकाळी मोजणी. एकशे एकोणपन्नास.
अकरा कुठं, मालकांनी विचारलं.
मी कान पुढं केला, ऐकू न आल्यासारखा.
"शेळ्यांनी खाल्ल्या असतील,"
शेवटी मालकच म्हणाले.

मी मान हलवली.
तेवढ्यात वळसंगची एसटी कुठंतरी
वळण घेत असणार,
आणि तिच्या फळीवर, कुसळांसकट,
एक नंबर मोठे बूट.